बांधावरचे नाचरे आकडे

भोंगा तिसऱ्यांदा खोटा ठरला आणि त्या दिवसापासून क्षमाला माहेरच्या वाडीतून जाताना मान वर करवेना. कोणी तोंडावर बोलत नसे. पण ती दिसली की ओसरीवर चाललेलं बोलणं थांबायचं, आणि पुढे गेली की पुन्हा सुरू व्हायचं.

सुर्ल्याच्या खालच्या अंगाला, दोन डोंगरांच्या बेचक्यात तळेवाडी वसली आहे. थोडकी घरं, मागे माड-पोफळीची कुळागरं, पुढे ओढा, इथल्या बोलीत व्हाळ, आणि व्हाळालगत शेतं. वर, डोंगराच्या खांद्यावर खाणीचं तळं. खनिज धुऊन उरलेला तांबडा गाळ कित्येक वर्षं तिथे सोडला जात होता, आणि तो खाली येऊ नये म्हणून मातीचा उंच बांध घातला होता. खाण बंद पडली, माणसं पांगली, यंत्रं भंगारात गेली. तळं मात्र राहिलं. पावसाळ्यात ते भरायचं आणि बांधाच्या पोटात पाणी मुरायचं. ते किती मुरतंय यावर खालच्या वाडीचा जीव अवलंबून होता.

क्षमा याच वाडीची. तिचा बाप सगुण याचे खाणीच्या भरात दोन टिपर होते. सुर्ल्याहून जेटीपर्यंत खनिज वाहायचे. त्या काळात घरातल्या भांड्यांवर, जनेल-खिडक्यांच्या गजांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबडी धूळ असायची, आणि आई दिवसातून दोनदा ती पुसायची. पुढे खाण थांबली तेव्हा टिपर अंगणात उभे राहिले ते राहिलेच. त्यांच्यावर वेली चढल्या. आई गेली. सगुणचा गुडघा गेला. क्षमा डिचोलीला शिकली, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला, लग्न होऊन पेडण्याकडे गेली. नवरा मोपाच्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होता. म्हापशाच्या एका छोट्या कंपनीत तिला नोकरी लागली, आणि त्या कंपनीला तळेवाडीच्या बांधावर मापकं बसवायचं काम मिळालं तेव्हा तिनं ते स्वतः मागून घेतलं. माहेरच्या डोक्यावरचं पाणी आपण मोजणार याचा तिला मनातून अभिमान होता. बापाला ती म्हणाली होती की आता निवांत झोप, मी आहे.

काम तसं सरळ होतं. बांधात ठिकठिकाणी आठ नळ्या उभ्या पुरलेल्या. प्रत्येकीच्या तळाशी पाण्याचा दाब ओळखणारं एक मापक. आठांच्या तारा बांधाच्या टोकाला असलेल्या एका पत्र्याच्या खोलीत यायच्या. तिथे एका पेटीत छोटीशी चिप होती. आठ तारांवरच्या विजेच्या कमी-जास्त दाबाचे आकडे करणं हे तिचं काम. चिप एकच, तारा आठ, म्हणून ती आळीपाळीनं एकेका तारेकडे बघायची, आकडा लिहायची आणि पुढच्या तारेकडे वळायची. आकडे पडद्यावर दिसायचे आणि कंपनीच्या पणजीतल्या ऑफिसातही. एखाद्या नळीतलं पाणी ठरलेल्या रेषेवर गेलं की भोंगा वाजायचा आणि वाडीनं उठून व्हाळापलीकडच्या देवळात जायचं, असं ठरलं होतं.

जुलैत पावसानं जोर धरला आणि आकडे नाचायला लागले. चार मीटर, लगेच सात, पुन्हा तीन. एका नळीचा नव्हे, सगळ्यांचा. पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा वाडी खरोखर धावली. म्हातारी माणसं पाठीवर घेऊन लोक देवळात पोचले. काही झालं नाही. दुसऱ्यांदा निम्मे लोक गेले. तिसऱ्यांदा वाडीच्या टोकाच्या घरातली सुलोचनाकाकी आपल्या सुनेला घेऊन गेली. ती सून, पल्लवी, तेव्हा ओली बाळंतीण होती. धो धो पावसात तिनं ते चिमणं पोर छातीशी धरून व्हाळावरचा साकव ओलांडला. त्या भिजण्यानं पोराच्या छातीत कफ भरला, इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. वाचलं, पण घरी आलं तेव्हा नुसतं कातडं आणि हाडं.

सुलोचनाकाकी त्या आठवड्यात बांध चढून वर आली होती. ओरडली नाही. दारात उभी राहून खोलीतल्या त्या पेटीकडे बघत राहिली, आणि मग क्षमाला म्हणाली की तुझ्या आईनं मला बहीण मानलं होतं. एवढंच म्हणून ती उतरून गेली.

पंचायतीत बैठक झाली. यंत्र दुरुस्त होईपर्यंत भोंगा बंद ठेवावा असं सगळ्यांनी ठरवलं. त्यात सगुणचा आवाज सगळ्यांत मोठा होता. घरी आल्यावर तो लेकीला म्हणाला, "बाय, तुझें मशीन फटींग." फटींग म्हणजे खोटारडं. दुसऱ्या दिवशी क्षमानं स्वतःच्या हातानं भोंग्याची तार काढली.

त्यानंतर तिनं जे जे सुचलं ते केलं. आधी तिला वाटलं, वीजपुरवठा बरा नाही. तिनं पेटीला मेनच्या विजेवरून काढून बॅटरीवर घातलं. आकडे नाचतच राहिले. मग जमिनीत पुरलेल्या अर्थच्या तारेवर संशय घेतला, नवी पट्टी पुरली, त्यावर मीठ-कोळसा घातला. एक दिवस बरं वाटलं, कारण तो दिवस उघडीप होती. पाऊस आला आणि नाच पुन्हा सुरू झाला. चिप ज्या ठरावीक दाबाशी तुलना करून मोजते तो दाब तिनं मीटर लावून तासन्‌तास बघितला. प्रत्येक तारेच्या तोंडाशी कपॅसिटर बसवले, की बारीक थरथर तरी शोषली जाईल. थरथर गेली, उड्या राहिल्या.

मग उरला पंप. तळ्यातलं पाणी उपसायला काठावर दोन मोठे पंप होते, आणि ते बघायला महादेव होता. दोडामार्गाकडचा माणूस, पन्नाशीचा, खाणीच्या दिवसांपासून इथेच. बायको शालिनी गावाकडे, हा इथे खोलीत एकटा. मोटरीच्या केबलमुळे आपल्या तारांत गोंधळ होत असेल असं क्षमाला वाटलं, म्हणून तिनं त्याला पंप थांबवायला सांगितलं. ती आकडे बघायची, तो तळ्याकडे बघायचा. पंप थांबला की पाणी दगडावरच्या खुणेच्या वर सरकताना डोळ्यांना दिसायचं. आकडे तरीही नाचतच. ती म्हणायची, अजून थोडा वेळ. तो मान हलवायचा. असं तिनं त्याला एकदा नव्हे, पुष्कळदा करायला लावलं. नंतर ही गोष्ट तिला फार छळत राहिली.

रोज संध्याकाळी ती पेडण्याला परतायची. जेवताना हातातला घास तसाच राहायचा. नवरा म्हणायचा, ऑफिसातून दुसरा कोणीतरी मागव. पणजीला ओंकार म्हणून इंजिनियर होता, तिच्याहून लहान, पण जाणता. तो दोनदा येऊन गेला होता. त्यालाही सापडलं नव्हतं, आणि त्यानं ते सरळ कबूल केलं होतं. नवी पेटी मागवली होती, ती यायची होती.

ऑगस्टमध्ये आठवडाभर सूर्य दिसला नाही. ज्या सकाळची ही गोष्ट, त्या सकाळी क्षमा बांधावर पोचली तेव्हा रेनकोटच्या आतही भिजली होती. रस्त्यात पाळी गावाच्या अलीकडे झाड पडलं होतं, तिनं स्कूटर तिथेच ठेवून उरलेली वाट चालत काढली. पडद्यावर आकडे असे उडत होते की वाचता येत नव्हते. ती खुर्चीवर बसली आणि तिला रडू फुटलं. पंपांच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही.

मग तिनं ओंकारला फोन लावला. त्याचाही आवाज थकलेला होता. तो म्हणाला की आपण इतके दिवस तारा तशाच ठेवून कारण शोधतोय. सगळ्या तारा काढून टाक. प्रत्येक तोंडाला साधा सेल लाव, टॉर्चचा. दीड व्होल्ट म्हणजे दीड व्होल्ट. चिप तेवढं तरी नीट मोजते का बघ. मोजत असेल तर एकेक तार परत लाव.

टॉर्चमधले आणि महादेवच्या रेडिओतले मिळून चार सेल निघाले. तिनं तारेचे तुकडे जोडून एकेका सेलवर दोन-दोन तोंडं घेतली. आकडे जागच्या जागी थिजले. कित्येक आठवड्यांनी तो पडदा असा शांत दिसत होता. म्हणजे चिप चांगली होती. दोष बाहेर होता.

ती एकेक तार परत लावू लागली. पहिली लावली, शांत. दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी तार हातात आली तेव्हा ती थबकली. पाचवी नळी मेलेली होती. जूनमध्येच तिचा आकडा निरर्थक यायला लागला होता, म्हणून क्षमानं तो पडद्यावरून काढून टाकला होता आणि भोंग्याच्या हिशेबातूनही. आकडा काढला, पण तार तोंडातच राहिली होती. इतके दिवस कोणी तिच्याकडे बघितलंच नव्हतं, कारण बघायला तिथे काही उरलं नव्हतं. केवळ क्रम मोडू नये म्हणून तिनं ती लावली.

पडदा पेटल्यासारखा झाला. पहिलीपासून सगळे आकडे उडायला लागले. तिनं पाचवी काढली. शांत. लावली, पुन्हा नाच.

तिनं मीटर लावला तेव्हा उलगडा झाला. बांधावरच्या जोडपेटीत पाणी शिरलं होतं, आणि मापकांना चालवणारी चोवीस व्होल्टची वीज ओलाव्यातून पाचव्या तारेवर उतरत होती. पाऊस वाढला की जास्त, थांबला की कमी. चिपला पाचच व्होल्ट झेपायचे. त्यावरचं जे येई ते तिच्या आत सांडायचं आणि शेजारच्या तारा मोजताना त्यांच्या आकड्यांत मिसळायचं. आठ जणांच्या घरात एकाला वेड लागावं आणि बोलणं मात्र सगळ्यांचंच बिघडावं, तसं झालं होतं.

तिनं पाचवी तार कापली. तिचं उघडं तोंड भरकटू नये म्हणून ते अर्थला बांधलं. उरलेल्या तीनही जोडल्या. ओंकारला सांगितलं तेव्हा तो हसला. तीही हसली. महादेवनं दारातून डोकावून विचारलं तर तिनं त्याला अंगठा दाखवला. तो खूश होऊन चहा ठेवायला गेला.

चहा येईपर्यंत ती नुसती त्या शांत आकड्यांकडे बघत बसली. पहिल्या चार नळ्या स्थिर. आठवी स्थिर. सहावी आणि सातवी मात्र हलत होत्या. उडी नाही, थरथर नाही. शेवटचा आकडा एकानं वाढायचा, थांबायचा, पुन्हा एकानं वाढायचा. आणि त्या दोन्ही आताच भोंग्याच्या रेषेच्या वर होत्या.

तिचा विश्वास बसेना. इतक्या दिवसांत त्या यंत्रानं तिला एवढं फसवलं होतं की ते आता खरं बोलतंय असं मानायला मन धजेना. तिनं सहावीची तार काढून तिथे सेल लावला. आकडा दगडासारखा. मग सहावीची तार तिनं पहिलीच्या तोंडात घातली आणि पहिलीची सहावीच्या. चढण तारेबरोबर गेली. सहावीच्या तोंडात आता काही हलत नव्हतं, पहिलीच्या तोंडात आकडा चढत होता. म्हणजे पेटीत काही नव्हतं. तिनं दोन्ही तारा परत जागच्या जागी लावल्या. बांधाच्या पोटातच पाणी चढत होतं, आणि कदाचित कित्येक दिवस चढत होतं. वरच्या नाचाखाली ती चढण झाकून गेली होती.

महादेव चहा घेऊन आला. तिनं त्याला बांधाच्या पायथ्याशी, सहाव्या नळीच्या खाली जाऊन यायला सांगितलं. तिथे नेहमी एक पाझर असायचा, स्वच्छ, बोटभर धारेचा. तो उतरून गेला आणि आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"ताई, पायथ्याचा पाणी तांबडा येऊक लागला," तो म्हणाला.

पाझराचं पाणी तांबडं म्हणजे आतली माती वाहून येतेय. हे त्या दोघांनाही कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ओंकारला कळवलं. त्यानं अग्निशामक दलाला कळवलं, सरकारी माणसांना कळवलं. सगळे निघाले. पण पाळीजवळचं झाड अजून रस्त्यावर होतं आणि साखळीकडून व्हाळाचं पाणी रस्त्यावर आलं होतं. कोणी केव्हा पोचेल ते सांगता येत नव्हतं.

क्षमानं भोंग्याची तार पुन्हा जोडली आणि बटण दाबलं.

भोंगा डोंगरात घुमला. ती खोलीबाहेर येऊन पावसात उभी राहिली आणि खाली बघू लागली. सगळी वाडी तिथून दिसायची. कोणी बाहेर आलं नाही. एका परसात कपडे काढणारी बाई थांबली, वर बघितलं, आणि कपडे घेऊन आत गेली. सुलोचनाकाकीच्या घराचं एक जनेल उघडं होतं. आतून हात आला आणि त्यानं ते लावून घेतलं.

महादेव तिला म्हणाला, "तुमी खाली जावा. पंप बंद पडान चलूचा नाय, मी बघतंय."

ती म्हणाली, बांध सुटला तर? त्यानं पंपाच्या बाजूचा कातळ दाखवला. "मी हयसर खडपार आसंय. माका काय होवचा नाय."

तिनं त्याला सांगितलं की बांधावर पाऊल टाकायचं नाही, काही झालं तरी. तो हो म्हणाला. मग ती निसरड्या वाटेनं उतरत, पडत, पुन्हा उठत वाडीत आली.

पहिलं घर सुलोचनाकाकीचंच होतं. दार अर्धं उघडलं. क्षमा काय काय बोलली ते तिलाच नंतर आठवेना. पाचवी तार, ओलावा, आता यंत्र बरं झालंय, पाझर तांबडा झालाय. काकी ऐकत होती. आतून पोराच्या खोकण्याचा बारीक आवाज येत होता.

"भुरग्याक परत पावसांत काडूं?" काकी म्हणाली. "त्या दिसाय तूं अशीच खरी सांगतालीस."

त्या दिवशी भोंगा यंत्रानं वाजवला होता, तिनं नाही, हे सांगून काय उपयोग होता? दार लागलं. पुढच्या घरात तिला कोणी हाकललं नाही, बसायला सांगितलं, टॉवेल दिला. तिसऱ्या घरात म्हणाले, अग्निशामकची गाडी आली की बघू. ती दारोदार फिरत होती आणि प्रत्येक दारात तिच्या अंगातून काहीतरी गळून जात होतं. शेवटी ती बापाच्या घरी आली आणि ओसरीवर बसली.

सगुण चहात उंडो पाव बुडवून खात होता. त्यानं भोंगा ऐकला होता. तिच्या कपड्यांतून तांबडं पाणी ओसरीवर उतरत होतं.

मग त्यानं विचारलं, "मशीन सांगता, काय तूं सांगता?"

यंत्रावर ढकलायचं म्हटलं तर ढकलता आलं असतं. खोटं ठरलं तर पुन्हा यंत्रच खोटं ठरलं असतं.

"हांव सांगतां," ती म्हणाली.

सगुणनं बशी खाली ठेवली. गुडघ्यावर हात दाबून उठला. खुंटीवरची छत्री घेतली. दार ओढून घेतलं, कुलूप लावलं नाही. मग तो लंगडत, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून, थेट सुलोचनाकाकीच्या अंगणात जाऊन उभा राहिला आणि हाक मारली.

"वयनी, ह्या भोंग्याक सगळ्यांत चड गाळी हांवें दिल्यात. आयज हांव वतां. तूंय चल."

मग पल्लवी बाहेर आली, पोर प्लॅस्टिकमध्ये आणि गोधडीत गुंडाळलेलं. तिच्यामागे काकी. काकीनं क्षमाकडे बघितलंही नाही. सगुणनं छत्री पोराच्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत साकवाकडे चालू लागला. सगळ्यांत जास्त थट्टा करणारा माणूस लंगडत निघालेला बघून बाकीची दारं उघडली. कोणी कुरकुरत, कोणी शिव्या देत, पण निघाले. क्षमा शेवटच्या घरापर्यंत जाऊन सगळे निघाल्याचं बघून आली आणि साकव ओलांडला.

देवळाच्या मंडपात वाडी बसली. पावसाचा आवाज सोडला तर सगळं नेहमीसारखं होतं. वेळ जाऊ लागला. समोरच्या डोंगरावर बांध तसाच्या तसा उभा होता. मुलांना भूक लागली. कोणीतरी म्हणालं, चुलीवर भात ठेवून आलेय. दुसरं म्हणालं, चौथी खेप. पोराला खोकल्याची उबळ आली आणि पल्लवी त्याला उभं धरून पाठ चोळू लागली. सुलोचनाकाकी खांबाला टेकून बसली होती. आता तिनं क्षमाकडे बघितलं, आणि बघतच राहिली.

क्षमाच्या हातात मोबाइल होता, आणि त्यावर बांधाचे आकडे येत होते. सहावी आणि सातवी थांबल्या होत्या. चढण थांबली होती. महादेवच्या पंपांनी पाणी धरलं होतं. ही चांगली बातमी होती. खरं तर तिनं उठून ती सगळ्यांना सांगायला हवी होती. पण तिनं मोबाइल मुठीत झाकला. आता काही झालं नाही, तर या वाडीत आपण परत कधी पाय ठेवू शकणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. बाप सगळ्यांदेखत आपल्या शब्दावर उठून आला होता. आणि त्या मंडपात, भिजल्या माणसांच्या मधोमध बसून, तिच्या मनात आलं की फुटू दे. एकदाचा फुटू दे.

ते मनात आलं तशी ती स्वतःलाच भ्याली. समोर तिची आई नांदली ते घर होतं. तिनं हात जोडले, पण देवाला काय सांगायचं ते तिला कळेना.

दुपार कलली होती. तिनं पुन्हा मोबाइल बघितला. सहावीचा आकडा उतरत होता. शेजारी बसलेल्या एकानं डोकावून बघितलं आणि म्हणाला की उतरतंय की, मग जाऊया घरी. आकडा उतरत नव्हता, कोसळत होता. बांधाच्या आतलं पाणी एवढ्या घाईनं कमी होतं ते वाट मिळाली तरच.

तिनं महादेवला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पंपाच्या आवाजात त्याला ऐकू जात नसावं. तिनं पुन्हा लावला. घंटा वाजत होती, आणि मग मोबाइलवरचे सगळे आकडे एकदम शून्य झाले.

आधी आवाज आला नाही. आधी बांधाचा मधला भाग खाली बसला, दमलेला माणूस बसतो तसा. मग आवाज आला. तांबडा गाळ व्हाळात उतरला, व्हाळ भरून काठांवर चढला, कुळागरातल्या पोफळी मुळासकट आडव्या झाल्या, साकव गेला, खालची घरं जनेलांपर्यंत बुडाली. सगुणच्या अंगणातले टिपर गाळाखाली गेले, वेलींसकट. मंडपात कोणी ओरडलं नाही. सुलोचनाकाकीनं नातवाचं तोंड आपल्या छातीकडे वळवलं, जणू त्या एवढ्याशा पोरानं ते बघू नये.

वाडीतलं एकही माणूस गेलं नाही. महादेव गेला.

तो दुसऱ्या दिवशी व्हाळाच्या वळणावर सापडला. पंप कातळावर जसेच्या तसे होते, गाळाचा थेंबही न उडालेले. पण एकाच्या पाण्यातल्या पाइपचं तोंड केरानं तुंबलं होतं. ते मोकळं करायला महादेव बांधावरून पलीकडे गेला असावा. तोंड अर्धं साफ केलेलं होतं.

पुढे चौकशी झाली. जोडपेटीत पाणी कसं शिरलं असं विचारलं गेलं. झाकणाखालचं रबर एका जागी चेमटलं होतं. मे महिन्यात ती पेटी क्षमानंच बंद केली होती. रबर तेव्हाच चेमटलं की आधीपासून तसं होतं, हे कोणालाच सांगता आलं नाही, तिलाही नाही. तिनं तसंच लिहून दिलं. बातमीदार आले तेव्हा ती पेडण्याला घरात बसून राहिली. वाडीतले लोक तिला दुवा देत होते, आणि ते ऐकलं की तिला उठून दुसरीकडे जावंसं वाटे.

गणपतीनंतर महादेवची बायको आली. शालिनी एकटीच आली होती, एसटीनं, हातात कापडी पिशवी. तिला तो बांध बघायचा होता. क्षमा तिला घेऊन वर गेली. मधे मोठी खिंड पडली होती आणि तिच्यातून पाणी शांतपणे वाहत होतं. शालिनी कातळावर उभी राहून पंपांकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "तेंका म्हायत होता?"

"होतं," क्षमा म्हणाली. "मीच सांगितलं होतं. बांधावर जाऊ नका असंही सांगितलं होतं."

शालिनीनं मान हलवली. ती रडली नाही. म्हणाली, घरात पण असाच. अर्धवट ठेवलेलं काम बघून त्याला बसवायचं नाही. आणि मग तुम्ही त्याला फोन केला होतात ना, असं विचारलं. खोलीत राहिलेल्या त्याच्या मोबाइलवर तुमचं नाव दिसलं होतं, दोनदा.

क्षमाला तिला ते मंडपातलं सांगायचं होतं. फुटू दे, असं आपण मनात म्हटलं होतं ते. शब्द तोंडाशी आले. पण ते सांगून तिचं स्वतःचं ओझं हलकं झालं असतं आणि समोरच्या बाईच्या डोक्यावर चढलं असतं. म्हणून ती बोलली नाही. अजून कोणाशीच बोललेली नाही.

सगुण आता लेकीकडे पेडण्याला राहतो. क्षमानं नोकरी सोडली नाही. तिला दुसऱ्या एका बांधाचं काम दिलंय. तिथली जोडपेटी ती स्वतः बंद करते, मग उघडते, रबरावरून बोट फिरवते आणि पुन्हा बंद करते. तिच्याबरोबरचे लोक थांबून राहतात. ती कितीदा असं करेल ते तिलाही ठाऊक नसतं.